ज्याचे त्याचे भोग म्हणे!

दवाखान्यातून आत्ताच घरी आलेय. अजून चहासुद्धा घेतला नाही, आधी हे लिहिते, नाहीतर रात्रभर डोक्यात घण बसत राहतील. पोस्ट लांबणार आहे. कंटाळा येईल त्यांनी खुशाल पुढे सरकावं.

इथं सोलापुरात आमच्या बोळातला एक पोरगा यंत्रमागावर रात्रपाळी करतो. परवा पाळी सुटून सायकलवर घरी येताना पाइपलाइनसाठी खणलेल्या चरात पडला. चराला पत्रा नाही, दोरी नाही, साधं लाल फडकंसुद्धा नाही. वर खांबावरचा दिवा बंद. नडगी दोन ठिकाणी मोडली, रॉड घातलाय. त्याला बघायला गेले होते. तिथं अजून एक गृहस्थ आलेले. तसे सज्जन, कपाळाला विभूती, हातात सफरचंदांची पिशवी. बसले, पायाकडं बघितलं आणि अख्ख्या वॉर्डाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "काय करणार ताई, ज्याचे त्याचे भोग असतात. मागच्या जन्मी कुणाची तरी वाट अडवली असंल, म्हणून पायावर आलं."

पोराची आई मोसंबी सोलत होती. तिचा हात थांबला. मराठी तिला बेताचंच येतं, घरी तेलुगू बोलतात, पण एवढं तिला कळलं. अर्धी सोललेली मोसंबी तिनं तशीच पदराखाली धरली, जणू तीच कुठंतरी चुकली होती.

मी म्हटलं, "काका, तो चर कुणी खणला?" तर हसले. "तुम्ही मास्तरीण लोक, तुमचं आपलं वेगळंच असतंय." झालं. विषय संपला. चर खणणारा कंत्राटदार सुटला, दिवा न लावणारे सुटले, अडकला कोण? तर पाय मोडलेला पोरगा, तेही मागच्या जन्मातल्या गुन्ह्यात, ज्याचा ना पुरावा ना साक्षीदार.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलेय म्हणून एवढी चिडतेय. माझे वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो, पूर्व भागात एका शेडमध्ये टॉवेलच्या मागावर होते. मी शाळेत असताना एकदा धोटा, म्हणजे मागावर आडवं सूत इकडून तिकडं नेणारा लाकडी ठोकळा, उडाला आणि त्यांच्या डाव्या डोळ्यावर बसला. धोट्याच्या टोकाला लोखंड असतंय, हे मागावर काम केलेल्या घरात कुणाला सांगावं लागत नाही. डोळा गेला. तेव्हा आमच्या नात्यातले एक काका आईला म्हणाले, "यानं मागच्या जन्मी मुक्या जनावराचा डोळा फोडला असणार." आईनं ते मनाला इतकं लावून घेतलं की सोळा सोमवार झाले, गावाभोवतीच्या अडुसष्ट शिवलिंगांची अनवाणी फेरी झाली, तरी ती स्वतःलाच विचारत राहायची, कुठलं जनावर असंल गं? धोटा वर उडू नये म्हणून फणीच्या, म्हणजे सूत ठोकून बसवणाऱ्या कंगव्याच्या, पुढं आडवी सळई लावतात, ती त्या मागाला नव्हती, हे तिला कुणीच सांगितलं नाही.

आता थोडं शास्त्र. 'आपली संस्कृती' म्हणत हे सगळं चालतं, म्हणून सांगते.

बृहदारण्यक उपनिषदात जनकाच्या सभेत आर्तभाग याज्ञवल्क्यांना विचारतो की माणूस मेल्यावर त्याची वाणी अग्नीत जाते, प्राण वाऱ्यात, डोळे सूर्यात, मग तो माणूस उरतो कुठं? याज्ञवल्क्य काय करतात? सभेत उत्तर देत नाहीत. म्हणतात, बाळा, हात दे इकडं, हे आपण दोघांनीच जाणायचं, लोकांत नाही. दोघं बाहेर जातात आणि बोलतात ते कर्माबद्दल. पुण्य कर्मानं माणूस पुण्यवान होतो, पापानं पापी. भर सभेत एकाला एक हरवायला बसलेले विद्वान, तिथला सगळ्यात मोठा पंडित, आणि तो हा विषय बाजूला जाऊन हळू आवाजात बोलतो! आमचे गृहस्थ जनरल वॉर्डात, रुग्णाच्या आईसमोर, सफरचंदाची पिशवी मांडीवर ठेवून.

दुसरं. वेदान्तात कर्माचे तीन भाग सांगतात, संचित, प्रारब्ध आणि क्रियमाण. साठलेलं, फळ द्यायला लागलेलं, आणि आत्ता हातून घडतंय ते. प्रारब्ध म्हणजे सुटलेला बाण, तो परत येत नाही, हे सगळ्यांना पाठ. पण हातातला बाण अजून हातातच आहे, त्याचं काय? त्या पोराचा पाय मोडणं हे त्याचं प्रारब्ध, चला, घटकाभर मानते. तू तिथं उभा होतास ना? तू बघितलंस ना? मग तुझं क्रियमाण सुरू झालं की त्याच क्षणी! दुसऱ्याच्या प्रारब्धाचा हिशेब मांडत बसलास तर त्या वेळात तुझ्या खात्यावर काय जमा झालं, ते कोण बघणार?

तुम्ही म्हणाल, पुनर्जन्म मानत नाही का तू? मानते की नाही ते मलाच धड माहीत नाही. आणि हो, छांदोग्यात ते वाक्य आहे, वाईट आचरणाचा माणूस कुत्र्याच्या, डुकराच्या, चांडाळाच्या योनीत जातो म्हणून. कुणीतरी कमेंटमध्ये टाकणारच, म्हणून मीच लिहिते. आहे. आणि त्या एका वाक्याच्या जोरावर पिढ्यान्‌पिढ्या माणसांना गावाबाहेर ठेवलं, त्याचं कर्म कुणाच्या नावावर घालायचं तेही सांगा.

आणि सोलापूरकरांनो, आपल्याला हे शोभतं का हो? गड्ड्याला, सिद्धेश्वराच्या जत्रेला, आपण सगळे जातो, नंदीध्वजाला हात लावतो, अक्षता टाकतो. ज्यांच्या नावानं ते सगळं, त्या सिद्धरामेश्वरांना कर्मयोगी म्हणतात. बाराव्या शतकात त्यांनी काय केलं? तळं खोदलं. पाणी नाही तर लोकांचे भोग आहेत, भोगू देत, असं म्हणून समाधी लावून बसले नाहीत. त्या काळचे शरण संत अल्लमप्रभू यांनी त्यांना सुनावलं होतं की हे दगडमातीचं काम कसलं करतोस, आत बघ, अशी कथा आहे. असू दे. तळं आजही आहे, आणि आपण तिथं संध्याकाळी भेळ खातो.

डॉक्टर कोटणीस आपल्याच गावचे. 1938 साली चीनला गेले, जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले, 1942 मध्ये तिथंच वारले. वय 32. काढा आता त्यांचं मागच्या जन्मीचं. आहे हिंमत?

...मधे चहा घेतला. थोडी शांत झालेय.

एक मान्य करायला हवं. अण्णा स्वतः 'माझे भोग' म्हणायचे. डोळ्याबद्दल कधी कडवटपणा नाही, शिवी नाही. "भोग होता, भोगला," एवढंच. त्या शब्दानं त्यांना झोप लागायची आणि ती झोप मी कुणाला हिसकावू देणार नाही. स्वतःच्या दुःखाला माणूस काय नाव देतो तो त्याचा प्रश्न. पण बरे होऊन कामावर गेल्यावर अण्णांनी पहिली गोष्ट काय केली माहितीय? जॉबरला, म्हणजे माग दुरुस्त करणाऱ्याला, हाताशी धरलं आणि पाळी संपल्यावर थांबून शेडमधल्या एकेका मागाला फणीच्या पुढं सळई बसवली. एका डोळ्यानं. मालकानं सळयांचे पैसे पगारातून कापले, ते वेगळंच. आईनं विचारलं, भोगच होते तर हे कशाला? तर म्हणाले, "माझे झाले की. शेजारच्या मागावर पोरगं आलंय नवीन."

गीता अण्णांनी वाचली नव्हती. वाचलेल्यांना 'कर्मण्येवाधिकारस्ते मा फलेषु कदाचन' येतं, तेही लग्नपत्रिकेपासून निवडणुकीच्या फ्लेक्सपर्यंत. पुढची ओळ कुणी म्हणत नाही. 'मा कर्मफलहेतुर्भूर्मा ते सङ्गोऽस्त्वकर्मणि.' शेवटचा चरण बघा, काहीच न करण्याची ओढ लागू देऊ नकोस! श्रीकृष्णानं स्पष्ट सांगितलंय आणि आपण नेमका तोच चरण गिळून टाकला. सोयीचा नाही ना.

आणि त्या नात्यातल्या काकांबद्दलही लिहायला पाहिजे, नाहीतर आई मला माफ करणार नाही. अण्णा दवाखान्यात असताना रात्री उशाशी तेच बसायचे. काकूच्या हातच्या भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन यायचे, मला आणि भावाला पुढ्यात बसवून भरवायचे. जनावराचा डोळा फोडला म्हणणारा माणूस आणि हा माणूस एकच. तोंडानं घाण बोलले, हातानं चांगलं केलं. हातांचं जास्त धरायचं असं मी हल्ली मनाशी ठरवलंय, पण आई जी अनवाणी फिरली ते अजून पचत नाही. नाहीच पचत.

आजच्या गृहस्थांचंही असंच असेल. सफरचंदं आणली होती हे खरं. पण चराबद्दल अवाक्षर काढलं नाही, हेही खरं.

असो. चराचे फोटो काढलेत, अर्ज लिहिलाय. पत्रे, दिवा आणि पोराच्या औषधपाण्याचा खर्च, तिन्ही मागितलंय. उद्या सकाळी अकराला मी आणि बोळातल्या चारपाच बाया तो द्यायला निघतोय. सही करायची असेल त्यांनी त्याआधी घरी यावं, पेन घेऊन यावं, आमच्याकडं एकच आहे आणि तेही झटकून लिहावं लागतंय. अर्ज देऊन काही होत नसतंय असं म्हणणारे येतीलच, आणि बहुतेक वेळा ते खरंही असतं. तरी जाणार.

आणि कमेंटमध्ये श्लोक टाकणाऱ्यांनो, चारही चरण टाका.