विमानाचा दिवा विझेपर्यंत थांबणाऱ्या पोरांना कामचुकार म्हणू नका

आज सकाळी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. विमान येऊन उभं आहे, आभाळात विजा कडाडतायत, आणि सामान उतरवणारी पोरं शेडखाली थांबलीत. आतून खिडकीतून शूटिंग करणारा म्हणतोय, "बघा, फुकटचा पगार." खाली हसणाऱ्या इमोजींची रांग. आपल्याच माणसांच्या. डोकं फिरलं माझं.

अरे, मराठवाड्याचे ना आपण? दर वळवाला रानात वीज पडून माणसं जातात, बैल जातात, हे आपल्याला कुणी सांगायला पाहिजे का? ढग भरून आले की आपण लेकरांना ओरडून घरात बोलावतो. मग दुसऱ्याच्या लेकरानं त्या उघड्या मैदानात, लोखंडी बेल्ट लोडरवर, म्हणजे सामान चढवा-उतरवायच्या पट्ट्याच्या गाडीवर, उभं राहून तुमची बॅग काढावी? वीज जवळ आली की विमानाजवळचं काम थांबवतात, ते त्यासाठीच. त्या पोरांनी बरोबर केलं.

माझा भाचा हेच काम करतो. अंबडकडचं पोरगं, मोठ्या शहरातल्या विमानतळावर ठेकेदाराकडे सामान चढवणारा-उतरवणारा लोडर आहे. नवा होता तेव्हाची गोष्ट. विमान आधीच उशिरा आलेलं, सुपरवायझर मागून "चला, पळा, पळा" करतोय. विमान जागेवर थांबलं आणि हा पळाला. तेवढ्यात परभणीच्या एका जुन्या माणसानं मागून त्याचं जॅकेट धरून ओढलं. "दिवा बघ रे, दिवा!" विमानाच्या पोटाखालचा लाल दिवा अजून लुकलुकत होता. म्हणजे इंजिन चालू. जॅकेट खांद्यापासून उसवलं, पण पोरगं मागं आलं.

विमान थांबलं म्हणजे इंजिन थांबलं असं नसतं, हे आपल्याला आत बसून कळत नाही. आपण लगेच उठून वरच्या कप्प्यातून बॅगा ओढायला लागतो. खाली मात्र तो दिवा विझेपर्यंत जवळ जायचं नसतं, आणि विझल्यावरही इंजिनाचा पंखा काही वेळ फिरतच असतो. बोईंग 737 सारख्या प्रवासी विमानाचं इंजिन नुसतं मंद चालू असलं तरी समोर साधारण 3 मीटरपर्यंत माणसाला ओढू शकतं. मागच्या बाजूला गरम झोत, तो आणखी लांब जातो. बरं, आवाजावरून ओळखावं तर कानाला आवाज अडवणारे मफ लावलेले, शेजारच्या विमानाची घरघर चालूच. कुठलं इंजिन चालू आहे ते कानाला कळत नाही. म्हणून तो दिवा.

16 डिसेंबर 2015 ला मुंबईत हेच झालं. विमान मागे ढकलून झालं होतं, खाली तंत्रज्ञ उभा होता, वर सहवैमानिकानं इशारा चुकीचा समजून घेतला, आणि विमान हललं. माणूस इंजिनात ओढला गेला. 31 डिसेंबर 2022 ला अमेरिकेत, अलाबामातल्या मॉन्टगोमेरीला, एक कर्मचारी अशीच गेली. त्या विमानाचं वीज पुरवणारं मागचं छोटं यंत्र, एपीयू, बंद होतं, म्हणून जागेवर आल्यावरही इंजिन चालू ठेवलेलं. तिथं तर विमान यायच्या आधी सगळ्यांना सांगितलंही होतं की इंजिन चालू राहणार आहे, दिवा विझल्याशिवाय जवळ जायचं नाही. तरी झालं. घाईत, सवयीनं माणूस दोन पावलं पुढं टाकतोच. मळणी यंत्रात सदऱ्याची बाही जाते तेव्हा काय त्या माणसाला यंत्र माहीत नसतं?

हो, काही पोरं फोनमध्ये डोकं घालून फिरतात, नियम मोडतात. मान्य. उशीर झाला की पुढची बस चुकते, तेही मान्य. पण भाच्याला "पळ" म्हणणारा कोण होता? आणि त्याच्या मागं कोण होतं? अर्ध्या तासात विमान रिकामं करून, भरून परत उडवायचं ही घाई कुणाची? थोडी आपलीही आहे.

ते उसवलेलं जॅकेट वहिनीनं घरी शिवलं. नवीन घेतलं असतं तर पगारातून कापलं असतं. चमकणारी पट्टी मशीनखाली सरकत होती म्हणून हातानंच टाके घातले तिनं. काय झालं होतं ते तिला आजही पूर्ण माहीत नाही. काट्याला अडकलं, असं सांगितलंय पोरानं. आईला काय सांगणार?

परभणीच्या त्या माणसाला मी कधी भेटले नाही. त्या दिवशी वेळ घालवला म्हणून सुपरवायझरनं त्यालाच झापलं होतं. त्याला! हे लिहिताना परत हात थरथरतोय.

संभाजीनगरहून विमानं वाढवा, नांदेडहून वाढवा, लातूरहून सुरू करा, सगळे मागतात. मीही मागते. इथे माझ्या यादीत पत्रकार आहेत, पुढाऱ्यांच्या जवळचेही आहेत. पुढच्या वेळी फीत कापायला जाल तेव्हा एवढं विचारा: खाली काम करणाऱ्या पोरांना कामावर उभं करण्याआधी किती दिवस शिकवता? विजा चमकल्यावर काम थांबवायचा शब्द कुणाचा चालतो, त्यांचा की ठेकेदाराचा? आणि थांबवलं तर त्या दिवसाचा पगार देता का? उत्तर मिळालं तर इथेच खाली लिहा.