धडगावच्या ताईंना उत्तर: अठरा कोटींचा उपचार आणि काही रुपयांची गोळी

मागच्या आठवड्यात मी सिकलसेल या रक्ताच्या आनुवंशिक आजारावरच्या क्रिस्पर उपचाराबद्दल, म्हणजे जनुकातच नेमका बदल करणाऱ्या उपचाराबद्दल, लिहिलं होतं. त्यावर धडगाव तालुक्यातल्या एका आश्रमशाळेत शिकवणाऱ्या ताईंची प्रतिक्रिया आली. थोडक्यात त्यांचं म्हणणं असं: अठरा कोटींच्या उपचाराचं कौतुक आम्ही का वाचावं? आमच्या मुलांना या आजारावरची हायड्रॉक्सियुरियाची गोळी सलग दोन महिने मिळत नाही. मिळाली तरी 'कॅन्सरची गोळी' म्हणून आईबाप ती पेटीत ठेवून देतात. तुमच्या लेखात त्या गोळीला एक ओळ आहे. शेवटी त्यांनी लिहिलंय, "हे विज्ञान आमच्यासाठी नाहीच." सातवीतल्या एका मुलीबद्दलही त्यांनी लिहिलं आहे. थंडीत पहाटेची कवायत झाली की ती पाय धरून बसते, आणि शाळेतले काहीजण म्हणतात ती नाटक करते.

ताई,

गोळीला एकच ओळ दिली, ही माझी चूक. तुमच्या नजरेतून सुटलेली त्याहून मोठी चूकही सांगतो. 'भारतातला सिकलसेल तुलनेने सौम्य असतो' असं मी लिहिलं होतं. आपल्याकडच्या रुग्णांत जनुकाचा जो प्रकार सापडतो, त्यात गर्भातलं हिमोग्लोबिन, म्हणजे बाळ पोटात असतानाचं आणि पेशींना विळ्यासारखं वाकू न देणारं, मोठेपणीही थोडं जास्त टिकतं. त्यावरून हे वाक्य आलं आणि सगळीकडे पसरलं. पण नागपूरच्या डॉक्टरांनी विदर्भातल्या मुलांच्या नोंदी ठेवल्या, तेव्हा वारंवार दुखणारी, वारंवार भरती होणारी, रक्त चढवावं लागणारी मुलं त्यांना भरपूर दिसली. मी स्वतः नागपुरात रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली आहेत. मला हे ठाऊक असायला हवं होतं. ते वाक्य मी काढलं आहे.

पण 'हे विज्ञान आमच्यासाठी नाही' हे मला मान्य नाही. तुमची गोळी आणि ते अठरा कोटी एकाच घरातून आले आहेत.

१९४८ साली जॅनेट वॉटसन या न्यूयॉर्कच्या डॉक्टरबाईंना एक गोष्ट जाणवली. सिकलसेल घेऊन जन्मलेली बाळं पहिले काही महिने अगदी ठणठणीत असतात, कारण तोवर त्यांच्या रक्तात गर्भातलं हिमोग्लोबिन असतं. ते ओसरलं की बोटं सुजणं, रडणं सुरू होतं. म्हणजे हे लहानपणचं हिमोग्लोबिन जाऊच दिलं नाही तर? पुढची सगळी धडपड याच प्रश्नामागे झाली. १९८४ साली अमेरिकेतल्या एका गटाने हायड्रॉक्सियुरिया देऊन हे हिमोग्लोबिन खरंच वाढतं असं दाखवलं. त्या शोधनिबंधावर स्टुअर्ट ऑर्किन हे एक नाव आहे. २००८ साली बीसीएल११ए हे जनुक गर्भातल्या हिमोग्लोबिनला लगाम घालतं हे दाखवणाऱ्या कामातही हेच ऑर्किन होते, आणि त्यांच्यासोबत विजय शंकरन हे तरुण संशोधक. मी ज्याबद्दल लिहिलं तो कॅसजेव्ही हा क्रिस्पर उपचार रक्तपेशी घडवणाऱ्या मूळपेशींमध्ये नेमका तो लगाम तोडतो. नोव्हेंबर २०२३ मध्ये ब्रिटनने आणि डिसेंबरमध्ये अमेरिकेने त्याला मान्यता दिली. अमेरिकेतली किंमत २२ लाख डॉलर, म्हणजेच ते अठरा कोटी.

म्हणजे गोळी जे रोज थोडं थोडं करते, तेच हा उपचार एकदाच आणि पक्कं करतो. चाचणीत ज्यांचा निकाल तपासता आला अशा ३१ जणांपैकी २९ जणांना सलग वर्षभर एकही मोठा दुखण्याचा झटका आला नाही. मी भारावून गेलो ते यामुळे. मात्र त्याआधी रुग्णाच्या हाडांतली, रक्त तयार करणारी मज्जा बुसल्फान या केमोथेरपीच्या औषधाने रिकामी करावी लागते, कित्येक आठवडे दवाखान्यात राहावं लागतं आणि पुढे मूल होण्याची शक्यता धोक्यात येते. हे मी लेखात नीट सांगितलं नव्हतं. उद्या किंमत खाली आली तरी हे तालुक्याच्या ठिकाणी होणारं काम नाही. नोव्हेंबर २०२५ मध्ये दिल्लीच्या आयजीआयबी या सरकारी संशोधन संस्थेने 'बिरसा १०१' हा आपला क्रिस्पर उपचार जाहीर केला आणि त्याचं तंत्रज्ञान पुण्याच्या सिरम इन्स्टिट्यूटकडे दिलं. बिरसा मुंडांचं नाव त्याला दिलंय याचा मला आनंद आहे. पण तो तुमच्या मुलांपर्यंत पोहोचेपर्यंत त्यांना गोळीच तारणार आहे.

तेव्हा आता गोळीबद्दल. हायड्रॉक्सियुरिया काही प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरमध्ये देतात हे खरं, पण एकाच औषधाची दोन कामं असू शकतात. सिकलसेलमध्ये ती गर्भातलं हिमोग्लोबिन वाढवायला देतात. १९९५ साली अमेरिकेत २९९ प्रौढ रुग्णांवरच्या चाचणीत दुखण्याचे झटके जवळजवळ निम्म्यावर आले. २०१९ मध्ये अंगोला, काँगो, केनिया आणि युगांडातल्या ६०६ मुलांवरच्या अभ्यासाचे निकाल आले. दुखणं कमी झालं, रक्त कमी चढवावं लागलं, मृत्यू घटले, मलेरियासुद्धा कमी झाला. ही मुलं श्रीमंत देशांतली नव्हती. उलट २०१९ मध्ये मोठा गाजावाजा होऊन आलेलं व्होक्सेलोटर हे सिकलसेलवरचं नवं औषध सप्टेंबर २०२४ मध्ये कंपनीने जगभरातून मागे घेतलं. जुनी गोळी टिकून आहे.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट तुम्हाला सांगाविशी वाटते. मूल गोळी नियमित घेत असेल तर काही महिन्यांत त्याच्या लाल पेशी आकाराने मोठ्या होतात. सीबीसीच्या, म्हणजे रक्तपेशी मोजण्याच्या साध्या तपासणीच्या, रिपोर्टवर एमसीव्ही म्हणून लाल पेशींच्या सरासरी आकाराचा जो आकडा असतो, तो चढतो. काचपट्टी सूक्ष्मदर्शकाखाली धरली की विळ्यासारख्या पेशी कमी आणि गोल, टपोऱ्या पेशी जास्त दिसतात. एका मुलाचा आकडा असा छान चढलेला होता. पुढच्या तपासणीत तो पुन्हा खाली. "गोळी सोडली का रे?" म्हणून मी जरा रागानेच विचारलं. त्याची आजी म्हणाली, "आम्ही नाही सोडली बापू, दवाखान्यातच नव्हती." तुमची प्रतिक्रिया वाचली तेव्हा मला ती आजी आठवली. गोळीचा गुण यायला महिने लागतात आणि खंड पडला की तो उतरतो. म्हणून 'सलग दोन महिने मिळत नाही' ही तुमची तक्रार मला सगळ्यात गंभीर वाटते. डोस डॉक्टरांनीच ठरवायचा आणि अधूनमधून सीबीसी करायचीच, कारण पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट फार खाली जाता कामा नयेत. आईबापांना तोच रिपोर्ट दाखवून, आकड्यावर बोट ठेवून सांगता आलं तर भीती कमी होते, असा माझा अनुभव आहे.

सातवीतली ती मुलगी नाटक करत नाही. गारठ्याने रक्तवाहिन्या आकसतात, अंगातलं पाणी कमी झालं की पेशीतलं हिमोग्लोबिन दाट होतं, त्याच्या कडक दांड्या बनतात आणि पेशी वाटेतच अडकतात. हाडांत कळा येतात त्या यामुळे. तिला पहाटेच्या कवायतीतून सूट हवी, अंघोळीला गरम पाणी हवं, वर्गात पाण्याची बाटली हवी. आणि लघवीला जाऊ द्यायला हवं, मागेल तितक्या वेळा. या आजारात मूत्रपिंडाला लघवी दाट करता येत नाही, त्यामुळे पाणी सारखं बाहेर जातं. रात्री अंथरूण ओलं झालं म्हणून कित्येक मुलं वसतिगृहात मार खातात. ताप, छातीत दुखणं, धाप लागणं किंवा एका बाजूचा हातपाय अचानक लुळा पडणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट न पाहता दवाखाना. २०१६च्या दिव्यांग कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे, हेही मुख्याध्यापकांच्या कानावर घाला.

लेखाचं 'अखेर इलाज सापडला' हे शीर्षक मी बदललं आहे. पुढचा लेख फक्त गोळीवर लिहितोय, दोन पानांत मावेल असा, म्हणजे आशाताईंना छापून वाटता येईल. त्यासाठी एक मदत करा. तुमच्याकडच्या आया या दुखण्याला आपल्या बोलीत काय म्हणतात, ते त्यांच्याच शब्दांत मला लिहून पाठवा. सुरुवात तिथूनच करतो.