'पार्ट परत नाही, विषय संपला' म्हणणाऱ्या मजकुराला उत्तर

गाडीच्या स्पेअर पार्टच्या दुकानात पैसे परत मागायला जाऊच नका, असं सांगणारा एक मजकूर नाशिकच्या गाडीवाल्यांच्या मोबाइलवर फिरतो आहे. त्याचं म्हणणं असं: बिलावर 'एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही' छापलेलं असतं, त्यामुळे कायद्यानेच विषय संपतो. चुकीचा पार्ट आला तर ती आपलीच चूक. इलेक्ट्रिकल पार्टला तर कुठेच परतावा नाही. पार्ट गाडीला लावला की क्लेम गेला. दुकानदाराने जीएसटी भरलेला असतो, म्हणून रोख परत देता येत नाही. ग्राहक आयोगात जायचं तर पार्टपेक्षा वकील महाग. आणि शेवटी सल्ला: परत काही मिळणारच नसेल तर बिल कशाला, कच्च्यावर म्हणजे बिनबिलाचं घ्या आणि १८ टक्के जीएसटी वाचवा.

यातला राग खरा आहे. द्वारका-मुंबई नाक्यापासून सातपूर-अंबडपर्यंत कुठल्याही काउंटरवर बिघडलेला अल्टरनेटर (इंजिन चालू असताना बॅटरी चार्ज करणारा पार्ट) घेऊन उभ्या राहिलेल्या माणसाला ज्या सुरात उत्तर मिळतं, तो सूर सगळ्यांच्या ओळखीचा आहे. पण त्या रागातून काढलेले बहुतेक निष्कर्ष चुकीचे आहेत, आणि शेवटचा सल्ला तर वाचणाऱ्याच्याच खिशाला कात्री लावणारा आहे.

आधी त्या छापील ओळीबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ च्या कलम २(४७) मध्ये अनुचित व्यापारी प्रथा कोणत्या ते दिलं आहे. सदोष माल परत घ्यायला आणि त्याचे पैसे द्यायला नकार देणं ही त्यातलीच एक. मुदत बिलावर लिहिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. म्हणजे दुकानदार बिलावर मुदत घालू शकतो, पण सदोष मालाची जबाबदारीच एका ओळीत पुसून टाकू शकत नाही. शिवाय ही ओळ बहुतेक वेळा पैसे देऊन झाल्यावर हातात पडते. ती आधी वाचून गिऱ्हाइकाने मान्य केली होती, असं म्हणणं अवघड आहे.

मात्र इथे 'सदोष' हा शब्द नीट धरून ठेवायला हवा. कायद्याचे ३० दिवस सदोष मालासाठी आहेत. मन बदललं, दुसरीकडे स्वस्त मिळाला, फिटर म्हणाला जुनाच चालेल, अशा कारणांसाठी पैसे परत करायला दुकानदार बांधील नाही. तिथे त्याने खोक्याची अवस्था बघून काही रक्कम कापली किंवा बदली माल दिला, तर तो त्याचा व्यवहार आहे. उलटा मजकूरही अधूनमधून येतो, की काहीही असो, ३० दिवसांत परत घ्यावंच लागतं. तोही तितकाच चुकीचा.

'चुकीचा पार्ट आला तर आपलीच चूक' हे अर्धंच खरं आहे. 'स्विफ्टची क्लच प्लेट द्या' एवढंच सांगून पेट्रोलच्या गाडीला डिझेलची प्लेट घरी आणली, तर दोष मागणाऱ्याचा. पण आरसी दाखवली, १७ अक्षर-अंकांचा चासी नंबर दिला आणि काउंटरवरच्या माणसाने कॅटलॉग बघून पार्ट काढला, तर गोष्ट बदलते. माल विक्री कायदा, १९३० च्या कलम १६ नुसार, वस्तू कशासाठी हवी ते गिऱ्हाइकाने सांगितलं असेल आणि तो विक्रेत्याच्या जाणकारीवर विसंबला असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असायलाच हवी. म्हणून चासी नंबर तोंडी सांगू नये. दुकानाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर आरसीचा फोटो पाठवावा आणि 'याला बसणारा पुढचा डावा शॉकअप' असं लिहून मागावा. हा एक संदेश पुढे बिलाइतकाच कामाला येतो.

बिलावर 'स्पेअर पार्ट, १ नग' असं लिहून घेऊन निघणारे खूप आहेत. त्या बिलातून काहीच सिद्ध होत नाही. पार्ट नंबर, बनवणाऱ्या कंपनीचं नाव, असल्यास बॅच किंवा सीरियल नंबर, गाडीचा नंबर आणि वॉरंटीची मुदत, हे सगळं बिलावर हवं. कॉम्प्युटरच्या बिलात गाडीचा नंबर घालायला जागा नसेल, तर हाताने लिहून शिक्का मारून घ्यावा.

जुना पार्ट काढल्यावर नवा बसवण्याआधी दोन्ही शेजारी ठेवावेत. क्लच प्लेटचा व्यास मोजावा, ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर हाताने सरकवून बघावी. स्प्लाइनचे, म्हणजे शाफ्टवरच्या उभ्या खाचांचे, दात जुळत असतील तर ती अडखळत नाही. ब्रेक पॅडच्या मागच्या पत्र्याचा आकार आणि क्लिपच्या खाचा जुळवाव्यात. एवढ्यात चूक सापडली तर पार्ट अजून कोरा असतो आणि बहुतेक दुकानदार निमूटपणे बदलून देतात. घासलेल्या किंवा ग्रीस लागलेल्या प्लेटबद्दल मग भांडण होतं, आणि तिथे दुकानदाराची बाजू भक्कम असते.

आता सगळ्यात जास्त गैरसमज आहे तो 'इलेक्ट्रिकल पार्टला परतावा नाही' या वाक्याबद्दल. कायद्यात इलेक्ट्रिकल पार्टला अशी कुठलीही सूट नाही. तरी दुकानदार असं का म्हणतात, त्यामागे खरं कारण आहे आणि ते समजून घेतलं तरच आपली बाजू मांडता येते. सेन्सर, रिले, अल्टरनेटर, फ्युएल पंप हे पार्ट अंदाजाने बदलले जातात. दिवा लागला, सेन्सर टाक. नाही गेला, परत दे. खरा बिघाड वायरिंगमध्ये असतो, नवा पार्टही त्याच वायरिंगवर जळतो आणि आतून जळालेला पार्ट काउंटरवर येतो. तो कारखान्यातून तसा आला की गाडीत जळला, हे दुकानदाराला बाहेरून कळत नाही.

म्हणून पार्ट घेण्याआधीच तपासणी करून तिचे फोटो ठेवावेत. अल्टरनेटरचं उदाहरण घेऊ. इंजिन बंद असताना चार्ज असलेल्या बॅटरीवर साधारण १२.४ ते १२.७ व्होल्ट दिसतात. इंजिन चालू करून हेडलाइट आणि ब्लोअर लावल्यावर १३.८ ते १४.५ च्या आसपास यायला हवेत. काही नव्या गाड्यांत ईसीयू, म्हणजे गाडीतला कॉम्प्युटर, चार्जिंग कमी-जास्त करतो, तिथे एका आकड्यावर निकाल देऊ नये. आकडा कमी आला तरी लगेच अल्टरनेटर काढू नये. मल्टिमीटरची लाल पिन अल्टरनेटरच्या मोठ्या बोल्टवर आणि काळी बॅटरीच्या प्लसवर ठेवावी, मग अल्टरनेटरची बॉडी आणि बॅटरीचा मायनस यांच्यामध्येही तसंच मोजावं. लोडवर कुठेही ०.२-०.३ व्होल्टपेक्षा जास्त फरक दिसला तर केबल, जोड किंवा अर्थिंग खराब आहे. नवा अल्टरनेटर लावून तो बिघाड जाणार नाही.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट वारंवार घडते. कांद्याच्या किंवा द्राक्षांच्या पिकअपच्या हौद्याला वेल्डिंग करताना बॅटरीची केबल काढायची राहून जाते आणि अल्टरनेटरचे डायोड उडतात. दुसऱ्या गाडीवरून स्टार्ट देताना प्लस-मायनस उलटे लागले तरी तेच होतं. असा अल्टरनेटर क्लेममध्ये नाकारला गेला तर त्यात अन्याय नाही. पण बसवण्याआधीचे आकडे, वायरिंग ठीक असल्याचे आकडे आणि बसवल्यानंतरचे आकडे असे तिन्ही फोटो हातात असतील, तर 'इलेक्ट्रिकल आहे, परत नाही' हे उत्तर टिकत नाही.

'लावला की क्लेम गेला' हेही तसंच. बेअरिंग आवाज करतं की नाही, वॉटर पंप गळतो की नाही, हे लावल्याशिवाय कळणारच नाही. लावणं हाच गुन्हा धरला तर वॉरंटी या शब्दाला अर्थच उरत नाही. कंपनीचा माणूस पार्ट लावला की नाही हे बघत नाही, कसा लावला ते बघतो. व्हील बेअरिंग नकलमध्ये (चाकामागच्या लोखंडी घरात) बसवताना प्रेसचा दाब बाहेरच्या रेसवर, म्हणजे बेअरिंगच्या बाहेरच्या कडीवर, द्यायचा असतो. आतल्या रेसवर दाबलं किंवा हातोड्याने ठोकलं, तर गोळ्यांचे खळगे रेसवर उमटतात आणि काहीशे किलोमीटरमध्ये घोंघावणं पुन्हा सुरू होतं. बेअरिंग उघडलं की सारख्या अंतरावरचे ते खळगे दिसतात आणि क्लेम तिथेच संपतो. एबीएसच्या गाडीत बेअरिंगच्या एका बाजूला चुंबकीय कडी असते, ती सेन्सरकडे यायला हवी. उलटं बसलं तर एबीएसचा दिवा लागतो आणि शिव्या बेअरिंगला बसतात. वॉटर पंपाचं सील कूलंटऐवजी साध्या पाण्यावर चालवून खराब झालं किंवा कोरडं चालवून जळालं, तर तेही तपासणीत दिसतं.

अशा वेळी जबाबदारी फिटरची असते आणि तोही सेवा देणारा म्हणून ग्राहक संरक्षण कायद्याखाली येतो. त्याच्याकडून लेबरचं बिल घ्यावं, त्यावर तारीख आणि किलोमीटर हवेत. पार्ट फिटरनेच आणला असेल तर आपला विक्रेता तो. 'दुकानदाराला विचारा' असं म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत. बिल त्याच्या नावावर असेल तर दुकानात आपण भांडून उपयोगही नाही.

तपासणीसाठी पार्ट दुकानात ठेवताना रिकाम्या हाताने परत येऊ नये. तारीख, पार्ट नंबर, सीरियल नंबर आणि तक्रार लिहिलेली जमा पावती घ्यावी. वस्तूच हातातून गेली की पुढचं सगळं अडतं.

बॅटरीचा वेगळा उल्लेख करायला हवा, कारण तिथे पैसे परत या अपेक्षेनेच गोंधळ होतो. १८+१८ अशी वॉरंटी म्हणजे पहिले १८ महिने बॅटरी बदलून आणि पुढचे १८ महिने नव्या बॅटरीच्या किमतीत सवलत. उतरलेली बॅटरी म्हणजे खराब बॅटरी नव्हे, त्यामुळे आधी पूर्ण चार्ज करून मग लोड टेस्ट होते आणि ते योग्यच आहे. पाण्याच्या बॅटरीत एका सेलमधल्या अ‍ॅसिडची घनता बाकीच्यांपेक्षा ०.०५० ने कमी आली, तर तो सेल गेला आहे. घेताना वॉरंटीची ऑनलाइन नोंद समोरच करून घ्यावी.

जीएसटीचं कारण मात्र निव्वळ बहाणा आहे. माल परत आला की विक्रेत्याने जीएसटी कायद्याच्या कलम ३४ प्रमाणे क्रेडिट नोट काढायची आणि आपला कर तेवढा कमी करून घ्यायचा. विक्री ज्या आर्थिक वर्षात झाली, त्यानंतरच्या ३० नोव्हेंबरपर्यंत, किंवा त्याआधी वार्षिक विवरणपत्र भरलं तर तोपर्यंत, त्याला ते करता येतं. ही हिशोबाची क्रेडिट नोट वेगळी आणि 'पुढच्या खरेदीत वळते करू' अशी दुकानाची चिठ्ठी वेगळी. सदोष मालाबद्दल ती चिठ्ठी घेण्याची सक्ती नाही.

आणि कच्च्यावर घेण्याचा तो सल्ला. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या सुट्या भागांवर सरसकट १८ टक्के जीएसटी आहे, हे खरं. पण खोक्यावरच्या एमआरपीत सगळे कर धरलेले असतात. कच्च्यावर एमआरपीच दिली, तर वाचलेला कर गिऱ्हाइकाचा नसून दुकानदाराचा. बिल न देणं हीसुद्धा ग्राहक संरक्षण कायद्याच्या त्याच कलम २(४७) मधली अनुचित प्रथा आहे. बिलाशिवाय वॉरंटी नाही, मुदत मोजायला तारीख नाही. घाईत कच्च्यावर घेतलंच असेल तर निदान पैसे यूपीआयने दुकानाच्या खात्यावर द्यावेत, म्हणजे तारीख आणि रक्कम तरी राहते.

बिनबिलाच्या मालात डुप्लिकेट जास्त खपतो, हा त्यातला खरा धोका. खोक्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, महिना-वर्ष आणि ग्राहक संपर्क असायला हवा. नसेल तर ब्रेकचा पार्ट मुळीच घेऊ नये. कसाऱ्याच्या उतारावर डुप्लिकेट पॅड काय करतात, हे घाटात गाडी चालवणाऱ्याला सांगायला नको. असा पार्ट निकामी होऊन इजा किंवा नुकसान झालं आणि उत्पादक कोण हेच कळत नसेल, तर त्याच ग्राहक कायद्याच्या कलम ८६ प्रमाणे जबाबदारी विक्रेत्यावर येऊ शकते. पण त्यासाठी तो पार्ट त्याच्याकडूनच घेतल्याचा पुरावा लागतो.

राहिला ग्राहक आयोग. दिलेली किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात तक्रारीला शुल्क नाही. वकील लावणं सक्तीचं नाही. तक्रार ऑनलाइन करता येते आणि आपण राहतो त्या जिल्ह्यात करता येते, म्हणजे पार्ट मुंबईहून मागवला असला तरी नाशिकमध्ये. मुदत दोन वर्षांची. स्वतःच्या पोटासाठी रिक्षा किंवा पिकअप चालवणारा माणूसही ग्राहकच ठरतो. दहा ट्रक चालवणाऱ्या धंद्याचा मार्ग दिवाणी न्यायालयाचा. वेळ लागतो, हे मान्य करायला हवं. तपासणी लागणाऱ्या प्रकरणांसाठी कायद्याने पाच महिने धरले आहेत, पण ते नेहमी पाळले जातात असं नाही. म्हणून आधी दुकानाला लेखी तक्रार द्यावी, मग १९१५ या राष्ट्रीय हेल्पलाइनवर नोंद करावी, मग १५ दिवसांची नोटीस पाठवावी. पुष्कळ प्रकरणं नोटिशीवरच मिटतात.

तोपर्यंत पार्ट उघडू नये, धुऊ नये, फिटरला 'आत काय झालंय बघ' म्हणून कापायला देऊ नये. आयोग तो प्रयोगशाळेत पाठवू शकतो, आणि तिथे तो काढला तसाच पोहोचायला हवा: तेलकट, काळा, पिशवीत बांधलेला, वर काढल्याची तारीख आणि गाडीचे किलोमीटर लिहिलेला.