१२ व्होल्टने आर्केड घरी येत नाही

‘रेट्रो कन्सोलवर आर्केड गेम खेळणाऱ्यांनो, तुमची फसवणूक झाली आहे’ अशा मथळ्याचा एक लांबलचक मेसेज सध्या फिरतोय. ग्रुपवर दिसला तेव्हा सोडून दिला होता. पण परवा तो माझ्या भाच्यानेच पाठवला आणि खाली विचारलं, “मामा, राउटरचा १२ व्होल्टचा जुना अडॅप्टर पडलाय, सेगाच्या मेगा ड्राइव्ह कन्सोलला लावून बघू का?” तेव्हा मात्र डोकं फिरलं.

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: घरच्या कन्सोलसाठी काढलेले आर्केड गेम (मूळचे नाणं टाकून खेळायच्या मशीनवरचे) म्हणजे मुद्दाम कापलेला माल, लोकांनी नाणी टाकायला पुन्हा आर्केडला यावं म्हणून केलेला. ते लुकलुकतात आणि अडखळतात, कारण कन्सोलला वीज कमी पडते. जास्त व्होल्टचा अडॅप्टर लावला की आर्केडचा वेग मिळतो. अशाच एका भिकार ‘पॅक-मॅन’ने कन्सोलचा धंदा बुडवला. खरं आर्केड फक्त निओ जिओ या कन्सोलवर, कारण त्यात आर्केडची कॅसेट सरळ बसते. आणि आता एम्युलेटर (जुन्या मशीनची नक्कल करून तिचे गेम चालवणारे प्रोग्राम) आहेत, तेव्हा हे जुने गेम टाकून द्या.

सुरुवात अडॅप्टरपासूनच करतो, कारण बाकीच्या दाव्यांनी फार तर गैरसमज होतील, या एका दाव्याने कन्सोल जळेल.

कन्सोलचा वेग व्होल्टवर ठरत नाही. तो ठरतो बोर्डावरच्या क्रिस्टलवर, म्हणजे ठराविक गतीने ठोके देणाऱ्या भागावर. मेगा ड्राइव्हमध्ये सुमारे ५३.७ मेगाहर्ट्झचा ठोका असतो, त्याला सातने भागून प्रोसेसरला ७.६७ मेगाहर्ट्झ मिळतात. युरोपच्या मॉडेलमध्ये हाच आकडा ७.६० आहे. अडॅप्टर कुठलाही लावा, हा भागाकार बदलत नाही. शिवाय अडॅप्टरचे व्होल्ट चिपांपर्यंत पोहोचतच नाहीत. वाटेत ७८०५ नावाचा रेग्युलेटर बसलेला असतो. त्याचा डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, कुणालाही पाहता येतो, मेसेज लिहिणाऱ्यालाही पाहता आला असता. त्यात स्पष्ट लिहिलंय: बाहेर ५ व्होल्ट, फरक पडला तर ४.८ ते ५.२ इतकाच. आत ९ द्या नाहीतर १२ द्या, प्रोसेसरला मिळणार ते ५ व्होल्टच.

मग वरचे व्होल्ट जातात कुठे? उष्णतेत. कन्सोल एक अँपिअर खेचतोय असं धरा. ९ व्होल्टवर रेग्युलेटरला ४ वॉट उष्णता बाहेर टाकावी लागते, १२ व्होल्टवर ७ वॉट. म्हणजे पावणेदोन पट, आणि तीही बंद प्लॅस्टिकच्या डब्यात, तीस-पस्तीस वर्षांच्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरांच्या शेजारी. हे कपॅसिटर दर १० अंश वाढीला साधारण निम्मं आयुष्य गमावतात. रेग्युलेटर फार तापला की स्वतःला बंद करून घेतो, हेही त्याच डेटाशीटमध्ये आहे. म्हणजे आर्केडचा वेग सोडा, चालू गेम मध्येच बंद पडेल.

आणि याहून वाईट गोष्ट मेसेजमध्ये आलेलीच नाही: पिनची दिशा. मेगा ड्राइव्हच्या पहिल्या मॉडेलला मधली पिन ऋण लागते. राउटरच्या अडॅप्टरमध्ये ती बहुधा धन असते, आणि प्लग मात्र त्याच भोकात घट्ट बसतो. बसला म्हणजे चालतो असं समजून स्वीच दाबला की वीज उलटी जाते. दुसऱ्या मॉडेलला मधली पिन धन लागते आणि त्याचं भोकही वेगळं आहे. निन्टेंडोच्या एनईएस कन्सोलचा मूळ अडॅप्टर तर ९ व्होल्ट एसी देतो. एनईएसच्या पोटात एसीचं डीसी करणारा रेक्टिफायर आहे म्हणून तिथे ते चालतं, इतरत्र तो लावायचा नाही. कन्सोलच्या मागे व्होल्ट, अँपिअर आणि पिनचं चिन्ह छापलेलं असतं. तेवढं पाळा. अँपिअर जास्त असले तर चालतात, व्होल्ट आणि दिशा यांत तडजोड नाही.

लुकलुकण्याचं कारणही विजेत नाही. एनईएसची चित्राची चिप एका आडव्या ओळीत फक्त ८ स्प्राइट (पात्रं जोडून बनवायचे छोटे हलते तुकडे) काढू शकते, प्रत्येक स्प्राइट ८ पिक्सेल रुंद. १६ पिक्सेल रुंद पात्राला दोन लागतात. म्हणजे तुमचा नायक आणि तीन शत्रू एका रांगेत आले की कोटा संपला. पाचवा आला तर तो दिसणारच नाही. म्हणून प्रोग्रामर दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या दर नव्या चित्राला, क्रम फिरवतात, आज हा गायब, पुढच्या फ्रेमला तो. आपल्याला दिसतं ते लुकलुकणं म्हणजे ही पाळी आहे. कुणी कायमचा अदृश्य होऊन आपल्याला मारू नये म्हणून केलेली ही सोय आहे. मेगा ड्राइव्हला ओळीत २० स्प्राइट मिळतात, म्हणून तिथे हे कमी दिसतं. आणि अडखळणं म्हणजे एका फ्रेमचं काम एका फ्रेमच्या वेळेत न संपणं, बस्स.

एक गोष्ट मान्य करायला हवी. ‘गेम आर्केडपेक्षा संथ वाटतो’ ही तक्रार पुष्कळदा खरी असते. ५० हर्ट्झच्या, म्हणजे सेकंदाला ५० चित्रं दाखवणाऱ्या कन्सोलवर, ६० हर्ट्झसाठी लिहिलेला गेम वेग न जुळवता चालवला, तर तो एक षष्ठांशाने मंदावतो, संगीतासकट. युरोपात विकलेले कितीतरी गेम असेच होते, वरखाली काळ्या पट्ट्यांसह. तेवढं निरीक्षण बरोबर, पण उपाय ६० हर्ट्झचा कन्सोल किंवा जाणकाराकडून केलेला ५०/६० चा बदल हा आहे. अडॅप्टर नव्हे.

आता मुद्दाम कापल्याची गोष्ट. फॅमिकॉमवरच्या (एनईएसचं जपानी रूप) ‘डाँकी काँग’मध्ये आर्केडमधली सिमेंटच्या कारखान्याची पातळी नाही, हे खरं. पण आर्केडचा गेम १९८१चा आणि फॅमिकॉमचा १९८३चा. दोन वर्षं जुन्या मशीनकडे लोकांना वळवण्यासाठी निन्टेंडो आपल्याच नव्या कन्सोलचा पहिला गेम बिघडवेल, हे कुठल्या हिशोबात बसतं? त्या कॅसेटमध्ये सगळं मिळून २४ किलोबाइट जागा होती आणि गेम साठवणाऱ्या रॉम चिपा महाग होत्या. २०१० मध्ये युरोपात निन्टेंडोच्या लाल रंगाच्या ‘वी’ कन्सोलसोबत जी आवृत्ती दिली, तिच्यात ती पातळी परत आली.

‘फायनल फाइट’च्या बाबतीत मात्र मेसेजवाल्याला थोडं झुकतं माप द्यावं लागतं. सुपर निन्टेंडोवर गाय हे पात्र नाही, कारखान्याची पातळी नाही, आणि दोघांनी मिळून खेळता येत नाही. ज्या गेमचा जीवच दोघांच्या खेळात आहे, त्यात हे फार लागतं. नंतर कॅपकॉमने गायला घेऊन वेगळी आवृत्ती काढली आणि त्यातून कोडी या दुसऱ्या पात्राला बाहेर ठेवलं. ग्राहकाला चीड यावी असाच हा प्रकार. पण पहिली कॅसेट ८ मेगाबिटची होती हे विसरू नका. १९९३ मध्ये सेगाच्या डिस्क चालवणाऱ्या मेगा-सीडीवर हाच गेम आला तेव्हा तिन्ही पात्रं, ती पातळी आणि दोघांचा खेळ, सगळं त्यात होतं. डिस्कवर जागा होती.

‘पॅक-मॅन’बद्दल जास्त लिहीत नाही. अटारी २६०० वरचा तो गेम खरंच वाईट होता: ४ किलोबाइटची कॅसेट, कन्सोलची मेमरी अवघी १२८ बाइट, आणि भुतं सतत लुकलुकणारी. पण त्याच कन्सोलवर ८ किलोबाइटमध्ये ‘मिस पॅक-मॅन’ कितीतरी चांगला उतरला. त्याआधी १९८० मध्ये ‘स्पेस इनव्हेडर्स’ तिथे आला तो ११२ प्रकार घेऊन, आणि लोकांनी त्यासाठी कन्सोल विकत घेतला. १९८३ ची अमेरिकेतली पडझड बाजारात आलेल्या गेमच्या महापुराने झाली. त्याच वर्षी १५ जुलैला जपानमध्ये फॅमिकॉम आला, सोबत तीन गेम: ‘डाँकी काँग’, ‘डाँकी काँग ज्युनियर’ आणि ‘पॉपाय’. तिन्ही आर्केडवरून आलेले. आर्केडचे गेम घरी आणल्याने धंदा बुडतो म्हणणाऱ्याने याचं उत्तर द्यावं.

निओ जिओचा मुद्दा अर्धा खरा. आर्केडच्या आणि घरच्या कॅसेटमध्ये गेम तोच असतो, मशीनच्या आतला बायोस (तिचा मूळ प्रोग्राम) त्याला नाण्याच्या किंवा घरच्या पद्धतीने चालवतो. पण दोन्ही कॅसेटचा आकार आणि पिनांची मांडणी वेगळी आहे. मध्ये कन्व्हर्टर लागतो. सरळ बसत नाही, जबरदस्तीने बसवू नका.

राहिला एम्युलेटर. मेम हा आर्केडचा एम्युलेटर १९९७ पासून आहे, त्याने किती मशीनं मरण्यापासून वाचवली याची मला मनापासून कदर आहे, आणि आर्केडचा मूळ गेम हवा असेल तर तोच वापरावा. पण त्यामुळे कन्सोलचा गेम रद्द कसा होतो? १९८९ च्या मेगा ड्राइव्हवरच्या ‘गोल्डन ॲक्स’चं उदाहरण घ्या. आर्केडच्या बोर्डात १० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर, इथे ७.६७. चित्रं लहान झाली, रंग कमी झाले. पण आर्केडमध्ये डेथ ॲडर हा शेवटचा खलनायक हरला की गेम संपतो, आणि इथे त्याच्यापुढे आणखी एक पातळी आहे, शेवटी डेथ ब्रिंगर उभा आहे. शिवाय एकामागून एक शत्रूंशी, किंवा समोर बसलेल्या मित्राशी लढायचा ‘ड्यूएल’ नावाचा वेगळा खेळ आहे. आर्केडवाल्याला पुढचं नाणं हवं असतं, म्हणून तिथला गेम तुम्हाला लवकर बाहेर काढतो. घरी कॅसेटचे पैसे एकदाच दिलेले असतात, म्हणून त्याच लढाईला लांबी आणि कारण द्यावं लागतं. सेगाच्या लोकांनी ते दिलं. आर्केडचा रॉम (गेमची मूळ प्रत) मेमवर कितीही अचूक चालवलात तरी डेथ ब्रिंगर त्यात सापडणार नाही, कारण तो फक्त या कॅसेटसाठी लिहिला गेला होता.