"नैसर्गिक आहे, घे गं!"

आज डोकं फिरलंय, पोस्ट लांबणार. ऑफिसात शेजारी बसणारी पोरगी, दुसरा महिना, कोरड्या उलट्यांनी अर्धी झालेली. टेबलावर डबा, 'गर्भिणींसाठी १०० टक्के नैसर्गिक'. साडेअकराशे रुपये! आत कुठली वनस्पती किती, याचा लेबलवर पत्ता नाही. म्हणे, "नैसर्गिकच आहे ना, काकूंनी आणून दिलं."

अगं बाई, धोतराही नैसर्गिकच आहे!

आमच्या वहिनीचं असंच झालं होतं. कोथरूडच्या घरात फोडणी पडली की ती तोंडाला पदर लावून बाथरूमकडे पळायची. कुणी काढा दिला, कुणी ओळखीतल्या कुणाची तरी पुडी. गोळी मात्र नको, "बाळाला बाधेल". शेवटी पाणीसुद्धा पोटात ठरेना, लघवी जवळपास बंद, आणि रात्री सलाईन.

आल्याने फरक पडतो, मान्य. पण दिवसभरात मिळून १ ग्रॅमच्या आसपास सुंठ, बास. वहिनीला साळीच्या लाह्यांचं पाणी घोटघोट सोसायचं, तेही खरं. पण डॉक्टर पहिल्यांदा देतात ते बी-६ जीवनसत्त्वच, १० ते २५ मिलिग्रॅम, दिवसातून तीन-चार वेळा. गरज पडली तर सोबत डॉक्झिलामाइन. किती वर्षं वापरात आहे हे औषध! ते नको, आणि बिननावाची पुडी चालते?

थॅलिडोमाइडने, म्हणजे गरोदर बायकांना मळमळीवर दिल्या गेलेल्या त्या औषधाने, गोळ्यांची धास्ती बसवली, ठीक आहे. १९६१ मध्ये ते मागे घेईपर्यंत हजारो बाळं व्यंग घेऊन जन्मली. पण २०११-१२ मध्ये न्यूयॉर्कमध्ये सहा गरोदर बायकांच्या अंगात शिसं सापडलं, ते भारतातून आलेल्या आयुर्वेदिक औषधांमुळे. सगळे वैद्य तसे नसतात, माहितीये. आमची आजी वैद्यांकडेच जायची. पण ते नाडी बघून द्यायचे, ऑनलाइन डबे विकत नव्हते.

आणि ते "आमच्या वेळी नव्हती ही थेरं"! वहिनी सलाईन लावलेल्या हाताने माझं मनगट धरून म्हणाली होती, "मीच नाजूक आहे का गं?" काय सांगणार तिला तेव्हा! २०२३ मध्ये शास्त्रज्ञांनी दाखवलं, बाळाकडून आईच्या रक्तात येणारं जीडीएफ-१५ नावाचं हार्मोन या मळमळीच्या मुळाशी आहे. आधीपासून ज्यांच्या अंगात ते कमी असतं, त्यांना जास्त त्रास. थेरं कसली यात?

त्या पोरीला म्हटलं, डबा बंद कर, उद्याच डॉक्टरांना दाखव. सकाळी उठल्या उठल्या कोरडं काहीतरी खा, कुरमुरे खा, पोट रिकामं ठेवू नकोस. आलेपाक तिला हवाय. बाजारात मिळतो त्यात साखरच फार. पेठेत कुणी घरगुती करून देत असेल तर पत्ता टाका.