सूर लागेपर्यंत

सिंथेसायझर, म्हणजे विजेने सूर निर्माण करणारे वाद्य, बनवायचा तर नवशिक्याने आधी सतत एकच कंपन देणारा एक साधा ऑसिलेटर करून पाहावा, असे जाणकार सांगतात आणि वर ‘त्यात काय, तासाभराचे काम’ अशी पुस्तीही जोडतात. आवाज निघण्यापुरते पाहिले तर ते खरेच आहे. 555 नावाची आठ पायांची आयसी, म्हणजे इवलासा इलेक्ट्रॉनिक तुकडा, वीज अडवणारे दोन रेझिस्टर, वीज साठवणारे मोजके कपॅसिटर, एक लहानसा स्पीकर आणि नऊ व्होल्टची बॅटरी एवढ्या भांडवलावर वीज गुणगुणू लागते. ती सुरात गुणगुणावी, ही अपेक्षा मात्र आपली आपण बाळगलेली असते, आणि खरा छळ तिथून पुढे सुरू होतो.

हान्स कामेनझिंड यांनी 1971 साली या आयसीची रचना केली आणि पुढच्याच वर्षी ती विक्रीला आली. तिचे आतले काम ऐकायला फार सोपे आहे. कपॅसिटर बॅटरीच्या विद्युतदाबाच्या दोन-तृतीयांशापर्यंत भरतो, लगेच सातवी पिन, म्हणजे आयसीचा सातवा पाय, त्याला रिकामा करू लागते, तो एक-तृतीयांशावर आला की पुन्हा भरणे सुरू होते. बिचाऱ्याला ना कधी पूर्ण भरता येत, ना पूर्ण रिते होता येत, आणि त्याच्या या अतृप्त येरझाऱ्यांच्या तालावर तिसऱ्या पिनेतून जो चौकोनी तरंग बाहेर पडतो, त्याला आपण आवाज म्हणतो. या दोन्ही मर्यादा बॅटरीच्या प्रमाणात ठरत असल्यामुळे बॅटरी उतरली तरी सूर फारसा उतरत नाही. हा गुण की दोष, हे आपण स्पीकरच्या कोणत्या बाजूला बसलो आहोत यावर अवलंबून आहे.

जोडणीला बसल्यावर मला प्रथम भेटले ते रेझिस्टरवरचे रंगीत पट्टे, जे त्याची अडवणूक किती ओहमची ते सांगतात. तपकिरी, काळा, लाल म्हणजे एक किलोओहम आणि तपकिरी, काळा, नारिंगी म्हणजे दहा किलोओहम. टेबलावरच्या पिवळ्या दिव्याखाली लाल आणि नारिंगी हे सख्खे जुळे भाऊ दिसतात, त्यामुळे प्रत्येकाला मल्टिमीटर या मापकापुढे उभे करून त्याची ओळख पटवावी लागली. कपॅसिटरवर ‘104’ एवढेच लिहिलेले होते. त्याचा अर्थ दहावर चार शून्ये इतके पिकोफॅरड, म्हणजेच 0.1 मायक्रोफॅरड; फॅरड हे कपॅसिटरच्या साठ्याचे माप.

सगळी जोडणी आकृतीबरहुकूम झाली आणि स्पीकरने मौन धरले. ब्रेडबोर्डच्या, म्हणजे सुटे भाग टोचून जोडायच्या भोकाभोकांच्या पाटीच्या, कडेने विजेसाठी जी लाल रेघ जाते ती काही बोर्डांवर मधोमध किंचित तुटलेली असते, आणि तिथे आतली पट्टीही तुटलेली असते. बॅटरी रेघेच्या एका अर्ध्या भागात आणि आयसी दुसऱ्या अर्ध्या भागात, अशी ही ताटातूट होती. इंचभर वायरचा पूल टाकताच टेबलावरून ‘ट्ंऽऽऽ’ असा आवाज उठला.

‘‘अरे, कसला अलार्म वाजतोय?’’ आईने आतून विचारले.

‘‘अलार्म नाही, सिंथेसायझर आहे.’’

‘‘मग दार लावून घे.’’

चौकोनी तरंगात विषम पटीतल्या स्वरांचाच भरणा असल्यामुळे त्याचा आवाज क्लॅरिनेटच्या जवळ जातो, असे पुस्तकांत लिहिलेले असते. माझ्या स्पीकरमधून तो सर्दी झालेल्या भुंग्यासारखा येत होता. पण गाणे शिकलेल्या आमच्या आत्याची तक्रार आवाजाच्या पोताबद्दल नव्हतीच. ‘‘हा कुठल्याच पट्टीत नाही,’’ ती म्हणाली, ‘‘याला आधी सुरात आण.’’

440 हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला 440 कंपने, हा जगन्मान्य सूर मिळवायचे ठरले. 1.44 ला पहिला रेझिस्टर अधिक दुसऱ्याची दुप्पट आणि कपॅसिटर यांच्या गुणाकाराने भागले की वारंवारता मिळते. पहिला रेझिस्टर एक किलोओहमचा धरला, तर दुसरा सुमारे 15.9 किलोओहमचा हवा. डबीत होता तो 15 चा. तो लावला की हिशेबाने सुमारे 465 हर्ट्झ येतात, म्हणजे सूर जवळजवळ अर्ध्या स्वराने चढतो. शिवाय रेझिस्टरवरचा सोनेरी पट्टा पाच टक्क्यांची चूक आधीच कबूल करून बसलेला असतो, कपॅसिटरची मोकळीक बहुधा त्याहून मोठी असते, आणि संगीतात शेजारच्या दोन अर्धस्वरांमधले अंतर मात्र जेमतेम सहा टक्क्यांचे असते. इलेक्ट्रॉनिक्समध्ये जे चालून जाते, ते आत्याला चालत नाही.

उपाय म्हणून दुसऱ्या रेझिस्टरच्या जागी 100 किलोओहमचा पॉट, म्हणजे फिरवायचे बटण बसवले आणि त्याच्या मालिकेत एक किलोओहमचा रेझिस्टर ठेवला. आता साधारण 70 ते 4,800 हर्ट्झ, म्हणजे सहा सप्तकांचा प्रदेश माझ्या बोटांत आला, पण त्याची वाटणी अत्यंत अन्यायाची झाली. बटण अर्धे फिरवले तरी जेमतेम एक सप्तक चढते, उरलेल्यातले अर्धे फिरवले की दुसरे, आणि वरची चार सप्तके शेवटच्या चतकोरात दाटीवाटीने बसलेली असतात. तिथे मध्यम शोधायला जावे, तर बटणावरचा हात नुसता थरथरला तरी पंचम, धैवत, निषाद ओलांडून आपण थेट कुत्र्यांच्या आवडीच्या प्रदेशात पोहोचतो. सिंथेसायझरच्या आद्य निर्मात्यांपैकी एक असलेल्या रॉबर्ट मूग यांच्या यंत्रांमध्ये प्रत्येक व्होल्टला एक सप्तक अशी समान वाटणी का होती, ते मला तेव्हा बोटांतून समजले. ती वाटणी साधणारे ट्रान्झिस्टर तापमान बदलले की सूर सोडतात, हे वाचल्यावर तो मार्ग मी तूर्त दुरूनच नमस्कार करून सोडला.

सूर स्थिर राहत नसेल तर त्याने निदान हेतुपुरस्सर हलावे, या विचाराने मी दुसरी 555 बसवली. तिला दहा मायक्रोफॅरडचा कपॅसिटर दिला, तेव्हा ती सेकंदाला सातेक ठोके देऊ लागली. तिचा आउटपुट दहा किलोओहममधून पहिलीच्या पाचव्या पिनेला जोडला. पाचव्या पिनेवरचा दाब वाढला की भरण्याची मर्यादा वर सरकते आणि सूर खाली येतो. परिणामी आमच्या घरात ‘ट्यांव-ट्यांव-ट्यांव’ असा अखंड गजर सुरू झाला, आणि मला तो मनापासून आवडला.

आत्या दारात येऊन उभी राहिली. तिने आठही पाय नीट निरखले.

‘‘याला गप्प करणारी पिन कोणती?’’

‘‘चौथी. ती ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाला टेकवली की झाले,’’ मी उत्साहाने सांगितले, आणि ती वायर घेऊन पुढे सरकली.