युलिसिसची रापण

माणसाने खोटं कुठेही बोलावं, पण ग्रंथालयाच्या वार्षिक सभेत बोलू नये. तिथे इतिवृत्त लिहितात.

२०२४ चा मे महिना होता. मालवणजवळच्या आमच्या गावातल्या 'क' वर्ग ग्रंथालयाची सभा. वाचक कमी होताहेत, काय करावं, हा विषय. ग्रंथपालबाई म्हणाल्या, सगळ्यांनी मिळून एखादं कठीण पुस्तक वाचूया. "कठीण म्हणजे किती?" असं कुणीतरी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "युलिसिस घ्या. कॉलेजात असताना वाचलंय मी. जरा जड आहे, पण जातं." जणू सुरणाची भाजीच. इतिवृत्तात नोंद पडली की सदर पुस्तक वाचलेले सभासद मार्गदर्शन करतील.

खरी हकीकत अशी की १९८३ साली मुंबईला हॉस्टेलवर असताना मी ते पुस्तक फूटपाथवरून विकत घेतलं होतं. तिसऱ्या भागात स्टीफन नावाचा तरुण समुद्रकिनाऱ्यावर चालता चालता डोळे मिटतो. मीही मिटले. त्यानंतर एकदम इथे, सभेत उघडले.

ज्यांच्या वाट्याला हे पुस्तक गेलेलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. जेम्स जॉइस या आयरिश लेखकाचं हे पुस्तक २ फेब्रुवारी १९२२ रोजी, त्याच्या चाळिसाव्या वाढदिवशी पॅरिसमध्ये निघालं. छापायला कुणी धजेना, म्हणून सिल्व्हिया बीच नावाच्या पुस्तकदुकानवालीने अंगावर घेतलं. पहिल्या आवृत्तीची पानं ७३२, आणि त्यात काळ किती, तर एक दिवस नि पुढची रात्र. १६ जून १९०४, गाव डब्लिन. बाईंनी कॅलेंडर काढलं. १६ जूनला रविवार! भाग अठरा, म्हणजे अठरा रविवार. देवाने कौल दिल्यासारखा त्यांचा चेहरा झाला.

जून म्हणजे आमच्याकडे माणसं मोकळी असतात. १ जून ते ३१ जुलै, ६१ दिवस यांत्रिक बोटींना मासेमारी बंद. त्यामुळे पहिल्या रविवारी एक तांडेल हजर. घरी बसलो तर बायको कौलं परतायला लावते, हे त्याने प्रामाणिकपणे सांगितलं. त्याच्याशिवाय एक निवृत्त गुरुजी, शेजारच्या काकी, बाई, मी, आणि देवळात गाऱ्हाणं घालणारे एकोणऐंशी वर्षांचे आबा. आबांना इंग्रजी येत नव्हतं, पण पावसात देऊळ गळत होतं आणि ग्रंथालय गळत नव्हतं.

पद्धत अशी ठरली: मी इंग्रजीतून वाचायचं, मराठीत सांगायचं, ते काकींनी आबांसाठी मालवणीत सांगायचं. म्हणजे डब्लिनचा माणूस आबांपर्यंत पोचेस्तोवर तीन बोटी बदलत होता, आणि दरवेळी थोडं सामान मागे राहत होतं.

सुरुवात समुद्राकाठच्या एका बुरुजात होते. नेपोलियन चालून येईल या भीतीने बांधलेला बुरूज.

"मगे, इलो नेपोलियन?" आबा.

"नाही आला."

"मगे आता थंय कोण रवता?"

"तीन तरुण. भाड्याने."

"बरा आसा. आमच्या सिंधुदुर्गात पण बिऱ्हाडां आसत," आबा म्हणाले आणि पहिला भाग त्यांच्यापुरता संपला. मी घरी तीन रात्री टिपा काढल्या होत्या.

तिसऱ्या भागापाशी माझ्या पोटात गोळा आला. इथून पुढे मीही पाहुणाच. स्टीफन डोळे मिटतो आणि बुटांखाली शिंपले चुरडल्याचा आवाज ऐकत चालतो, दिसणं म्हणजे काय नि ऐकू येणं म्हणजे काय याचा विचार करत. यात ॲरिस्टॉटल कसा येतो ते मी सांगत होतो. तांडेल अस्वस्थ झाला.

"डोळे मिटून? वेळेवर? कालव लागात पायाक!"

"बूट आहेत त्याच्या पायात."

"तरीपण."

मालवणीत वेळ म्हणजे समुद्रकिनारा. काळ आणि किनारा यांना एकच शब्द असलेल्या माणसांना हा भाग मी समजावत होतो, हे माझ्या लक्षात आलं तेव्हा सात वाजले होते आणि भजी संपली होती.

चौथ्या भागात खरा नायक येतो. लिओपोल्ड ब्लूम, वर्तमानपत्रासाठी जाहिराती गोळा करणारा, साधा, खाण्यापिण्याचा शौकीन. हा सकाळी डुकराचा गुर्दा आणतो, तव्यावर टाकतो आणि बायकोला वर खोलीत चहा द्यायला जातो. काकी पहिल्यांदाच पुढे सरकून बसल्या.

"आणि करपवल्यान."

मी थक्क झालो. "तुम्हाला कसं कळलं?"

"बापयमाणूस तव्यार ठेवन वर गेलो, आणखी काय जातला?"

गुरुजी शाकाहारी. ते खिडकीतून पाऊस बघत राहिले.

जुलैत माझं बिंग फुटलं. तांडेलाने वादळी दिवसांत चाळायला म्हणून माझी प्रत घरी नेली होती. पुढच्या रविवारी त्याने ती सगळ्यांसमोर उघडून माझ्यापुढे ठेवली. आत एसटीचं जुनं, पंच मारलेलं तिकीट होतं, कणकवली-मालवण. तिकिटाच्या अलीकडची पानं पिवळी, कान दुमडलेली. पलीकडची कोरी करकरीत, दोन तर एकमेकांना चिकटलेली.

"तुमची एसटी हयच बंद पडली काय?" तो म्हणाला.

कुणी हसलं नाही, तेच वाईट. बाईंनी इतिवृत्त दुरुस्त करायची तयारी दाखवली. आबांनी मात्र विषय संपवला. "तेका येणा नाय, आमका येणा नाय. मगे बराच झाला. ओढा."

'ओढा' हा रापणीतला शब्द. दोन्ही बाजूंनी पन्नास माणसं दोर ओढतात, तासभर कंबरा मोडतात, आणि जाळं वेळेवर येतं तेव्हा कधी टोपल्या भरून तारली निघते, तर कधी चार बांगडे आणि कुणाची तरी चप्पल. आमचे बहुतेक रविवार चपलेचे होते. पण दोर कुणी सोडत नव्हतं.

ऑगस्टमध्ये गुरुजींनी कुठूनतरी शोधून काढलं की या पुस्तकावर अमेरिकेत अश्लीलतेसाठी बंदी होती आणि १९३३ मध्ये वूल्झी नावाच्या न्यायाधीशाने ती उठवली. झालं! पुढच्या रविवारी आम्ही सहाचे एकोणीस झालो. आयुष्यात हळदकुंकवाच्या याद्या सोडून काही न वाचलेल्या माणसांनी पहिल्या रांगेत खुर्च्या धरल्या. ज्या तेराव्या भागावरून न्यू यॉर्कमध्ये खटला झाला होता, तो मी घाम पुसत वाचला. त्यातही समुद्रकिनारा, संध्याकाळ, आकाशात दारूकाम, एक मुलगी आणि दुरून तिला बघणारा ब्लूम. संपल्यावर मागून आवाज आला, "झाला? एवढाच?" त्यापुढच्या रविवारी आम्ही परत सहा. मग नारळी पौर्णिमा झाली, तांडेल समुद्रावर गेला आणि पाच.

चौदाव्या भागाबद्दल मी काही लिहिणार नाही. प्रसूतिगृहात एक बाळ जन्माला येतं आणि तेवढ्या वेळात लेखक इंग्रजी गद्याच्या सगळ्या शैली जुन्यापासून नव्यापर्यंत गिरवून दाखवतो. बाळाच्या आईला बरे दिवस आले, आम्हाला आले नाहीत. गणपतीची सुटी घेतली ती चांगली दोन महिने चालली.

पंधरावा भाग सगळ्यात लांब. नाटकासारखा लिहिलेला, रात्रीच्या बदनाम वस्तीत घडणारा. त्यात माणसं मेलेली उठून येतात, ब्लूमच्या खिशातला साबण बोलतो, ब्लूमची बाई होते आणि कोठीवालीचा बुवा. जगभरचे वाचक इथे हात टेकतात म्हणे. तोवर तुळशीचं लग्न होऊन गेलं होतं, गावोगाव दहीकाले सुरू झाले होते. आदल्या रात्री दशावतार बघून जागलेल्या आबांना मी हे भीत भीत सांगितलं.

"मगे ह्यात कठीण काय आसा?" आबा म्हणाले. "आमच्याकडे मिशी काढून रात्री दमयंती जातत. सकाळी परत रिक्षा चालवतत."

त्या भागाला आम्हाला चार रविवार लागले आणि खरं सांगतो, ते चारही मजेत गेले.

सतराव्या भागात ब्लूम रात्री घरी येतो तेव्हा किल्ली दुसऱ्या विजारीत राहिलेली असते. हा भाग प्रश्नोत्तरांचा आहे. ब्लूमने नळ सोडला, पाणी आलं का? 'आलं,' एवढ्यावर उत्तर थांबत नाही. राउंडवुडच्या जलाशयातून कुठल्या नळातून, कुठल्या टाकीत, कसं आलं याचं वाक्य संपता संपत नाही. वर्षाला तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलून मे महिन्यात टँकरच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या काकींनी ते मला दोनदा वाचायला लावलं. वाक्यासाठी नव्हे, पाण्यासाठी.

शेवटचा भाग आला तेव्हा जानेवारी लागला होता. अठरा रविवारांचा हिशेब कधीच वाहून गेला होता. तांडेलही त्या दिवशी सुटी काढून आला, ताजे बांगडे घेऊन. या भागात ब्लूमची बायको मॉली रात्री अंथरुणात पडल्या पडल्या मनात बोलते. आठ वाक्यं, स्वल्पविराम नाहीत. त्या दिवशी दुपारी तिने घरात परक्याला घेतलेलं असतं. ब्लूमला ते माहीत असतं, म्हणून तर तो गावभर फिरत असतो. हे उलगडलं तेव्हा काकी एवढंच म्हणाल्या होत्या, "फिरान फिरान घराकच इलो मां?"

मी वाचायला लागलो. श्वास कुठे घ्यायचा कळेना. मराठीत सांगायला थांबावं तर थांबायला जागा नाही. मॉली मध्येमध्ये 'येस' म्हणते, पुन्हा पुढे निघते, पुन्हा 'येस'. तिसऱ्या-चौथ्या 'येस'ला आबांनी काकींना खुणेने विचारलं. काकी म्हणाल्या, "व्हय."

पुढच्या 'येस'ला आबा सवयीच्या खड्या आवाजात म्हणाले, "व्हय म्हाराजा!"

देवळात गाऱ्हाणं असंच चालतं. बा देवा, म्हणून सुरू करायचं आणि गावाचं भलंबुरं, चाकरमान्यांच्या नोकऱ्या, कुणाच्या लेकीचं लग्न, सगळं एका दमात. जमलेल्यांनी फक्त मधून होकार भरायचा. मग तांडेलाने म्हटलं, काकींनी म्हटलं, गुरुजींनीही जरा घसा साफ करून म्हटलं. मी मराठीत सांगायचं सोडूनच दिलं. शेवटच्या पानावर 'येस' दाटीने येतात, तिथे इतका गलका झाला की रस्त्यावरून जाणारा एकजण चपला काढून आत आला आणि प्रसाद कुठे आहे म्हणून बघू लागला. त्याला भजी दिली.

पुस्तकाचा शेवटचा शब्दही 'येस' आहे.

बाईंनी लगेच वही काढली. याच लेखकाचं १९३९ चं पुढचं पुस्तक आहे, फिनेगन्स वेक, ते याहून कठीण. कॅलिफोर्नियात एका गटाने १९९५ साली वाचायला घेतलं ते २०२३ मध्ये संपवलं. अठ्ठावीस वर्षं.

"कोणी वाचलंय का?" बाईंनी विचारलं.

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी बांगड्यांच्या पिशवीकडे बघितलं.

आबा बोटांवर हिशेब करत होते. "माझी शंभरावर पाच-सात जातली," ते म्हणाले. "चलात. पण एसटीचा तिकीट आताच काढून ठेवा. खंय पोचलंव ता मागसून येणाऱ्याक कळूक होया."